लोकांचें गाणें आणि आपलें देणें

गाणारा मनुष्य आणि ऐकणारा मनुष्य यांच्यामध्यें कोणतें नातें असतें, आणि गाणें संपल्यावर त्या नात्याचें काय होतें, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. घरांतल्या मुलीचें पेटीवरचें गाणें ऐकतांना तो कोणाच्या मनांत येत नाहीं. कारण गाणें संपलें तरी मुलगी घरांतच असते. परंतु गाणारा परगांवचा, परजातीचा, परभाषेचा किंवा परखंडांतला असला, आणि उघड्या मैदानांत दोनतीन प्रहर आपल्या मनाचा ताबा घेऊन पहाटे निघून गेला, म्हणजे मागें कांहीं देणें उरतें कीं नाहीं, असा विचार करण्यास जागा होते. त्या देण्याचा थोडा शोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

उन्हाळा आला कीं युरोपांत व अमेरिकेंत संगीत घराबाहेर पडतें. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कांत १९८६ पासून उन्हाळी जलशांची मालिका चालत आली आहे. इंग्लंडांत ‘वोमॅड’ या नांवाचा उत्सव १९८२ सालीं सुरू झाला. अशा ठिकाणीं मालीचा कोरावादक, क्यूबाचा गायक, पंजाबचा कव्वाल यांस हिरवळीवर बसलेले हजारों लोक ऐकतात. ज्यांचीं मुलें तिकडे स्थायिक झालीं आहेत अशा आमच्याकडील कित्येक आईबापांनींहि नातवंडांसह त्या हिरवळीवर बसून हें संगीत ऐकलें आहे, आणि परत आल्यावर मोठ्या कौतुकानें त्याचें वर्णन केलें आहे.

आतां पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्याकडे पाहूं. तालुक्याचें ठिकाण घोडेगांव हें घोड नदीच्या कांठीं वसलेलें आहे. पश्चिमेस भीमाशंकराचे डोंगर आणि त्यांतील महादेव कोळी व ठाकर यांच्या वाड्या, पूर्वेस मंचरची बाजारपेठ, आणि उत्तरेकडे जुन्नर तालुक्यांतलें नारायणगांव. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव मिळालें तें मूळ गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. पण देवांच्या यात्रा बुडाल्या नाहींत. चैत्र-वैशाखांत, रब्बीचें पीक घरांत आलें म्हणजे, या टापूंतील गांवोगांव ग्रामदैवताची यात्रा भरते. सकाळीं पालखी, दुपारीं कुस्त्या, आणि रात्रीं तमाशा, हा क्रम ठरलेला. तमाशासाठीं गांवचे पंच पाडव्याच्या सुमारास नारायणगांवास जातात. तेथें निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. रात्र ठरते, रक्कम ठरते आणि सुपारी दिली जाते. दसऱ्यास बाहेर पडलेला फड बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरत असतो. मोठ्या फडांत शंभराच्या वर माणसें असतात, आणि या काळांत मालमोटार हेंच त्यांचें घर होतें.

म्हणजे उन्हाळ्यांत उघड्यावर परक्या कलावंतांस ऐकण्याची रीत आम्हांस साहेबाकडून शिकावयाची नव्हती. हिरवळ नसेल, ढेंकळांची जमीन असेल. पण आभाळ तेंच आणि प्रश्नहि तोच.

या प्रश्नाची किल्ली एका शब्दांत आहे असें आम्हांस वाटतें. १९८७ सालीं लंडनमध्यें लहान लहान ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे कांहीं चालक एका गुत्त्यांत जमले. आफ्रिकेच्या, आशियाच्या, दक्षिण अमेरिकेच्या मुद्रिका दुकानांत कोणत्या फळीवर ठेवाव्या, ही त्यांची अडचण होती. अमेरिकेंतील एका विद्यापीठांत आधींच रूढ असलेलें ‘वर्ल्ड म्यूझिक’ हें नांव त्यांनीं त्या फळीस दिलें. नांव विशाल आहे; पण त्या फळीवर त्यांच्या स्वतःच्या गाण्यास जागा नव्हती. ‘जग’ म्हणजे आपण सोडून बाकीचे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ झाला.

या नांवाचें भाषांतर करूं गेलें तर मराठींत ‘लोकसंगीत’ असेंच होईल. लोक म्हणजे जग. स्वर्गलोक, मृत्युलोक यांत तोच अर्थ आहे. लोक म्हणजे माणसें, जनता. लोकसभेंत तो अर्थ आहे. आणि लोक म्हणजे परके. ‘लोक काय म्हणतील?’ असें आई मुलीस म्हणते तेव्हां त्या लोकांत ती स्वतः नसते. ‘लोकाचा पोर’ म्हणजे दुसऱ्याचा पोर. एकाच शब्दाच्या पोटांत सारें विश्व आणि उंबऱ्यापलीकडचा परका असे दोघेहि नांदत आहेत. आम्ही सुशिक्षित मंडळी जेव्हां तमाशास ‘लोककला’ म्हणतों, तेव्हां यांतला कोणता अर्थ आमच्या मनांत असतो? सरकारी पत्रिकेंत पहिला, भाषणांत दुसरा आणि मनांत तिसरा, असें उत्तर दिल्यास तें फारसें चुकणार नाहीं. लंडनच्या त्या फळीस आम्हीं हंसण्याचें कारण नाहीं. आमच्या घरांतहि ती फळी आहे.

असो. गाणें ऐकून मनुष्य ऋणी होतो कीं नाहीं, याविषयीं तीन मतें संभवतात. त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिलें मत असें: संगीत ही विश्वाची भाषा आहे, तिला दुभाषा नको, ऐकावें, आनंद घ्यावा आणि घरीं जावें. या मतांत तथ्य आहे. १९८५ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील मर्सी बेटावर भरलेल्या वोमॅड उत्सवांत नुसरत फतेह अली खान यांनीं कव्वाली गाइली. ऐकणाऱ्यांत बहुतेक गोरे; त्यांना पंजाबी-उर्दूचा गंध नव्हता. तरीहि ते भारावून गेले, आणि खानसाहेबांची पश्चिमेंतील कीर्ति त्या रात्रीपासून वाढत गेली. शब्द न कळतां झालेला तो आनंद खोटा होता असें कोण म्हणेल? पण दुसरें उदाहरणहि प्रसिद्ध आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथें बांगला देशच्या निर्वासितांसाठीं झालेल्या जलशांत पंडित रविशंकर आणि त्यांचे साथीदार वाद्यें लावून थांबले, तोंच श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. सूर जुळवणेंच एवढें आवडलें असेल तर वादन अधिक आवडेल अशी आशा आहे, असें पंडितजी हंसून म्हणाले. त्या श्रोत्यांना दोष देऊं नये. त्यांचें मन चांगलें होतें. पण केवळ आनंद पुरेसा मानला तर वाद्य लावणें आणि वाद्य वाजविणें यांतला भेदहि नाहींसा होतो, हें त्यावरून दिसतें. सुरांतील आनंद हा आरंभ आहे. तेथेंच संतोष मानणारा मनुष्य दारांत आलेल्या पाहुण्याचें नांव न विचारतां त्याच्या हातची मिठाई तेवढी घेतो.

दुसरें मत याच्या उलट टोंकाचें आहे: ज्यांचें जीवन आपण जगलों नाहीं त्यांचें गाणें ऐकण्याचा आपणांस अधिकारच नाहीं, तें ऐकणें म्हणजे एक प्रकारची लूट. अलीकडे विद्यापीठांतील तरुण हें मत मोठ्या निष्ठेनें मांडतात, आणि त्यामागची न्यायबुद्धि आदरणीय आहे. परंतु हा नियम कडकपणें पाळला तर जगांत कोणासच कोणाचें ऐकतां येणार नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाचें घराणें काश्मीरहून दक्षिणेंत आलेलें होतें. ज्या पेटीवांचून आमचें कीर्तन उभें राहत नाहीं ती पेटी युरोपांतून आली. गौळणींतली मथुरा घोडेगांवच्या श्रोत्यांपैकीं किती जणांनीं पाहिली आहे? तरी मावशी वाट अडवूं लागली कीं सारें मैदान मथुरेच्या बाजारास निघतें. शार्ङ्गदेवानें मार्गी आणि देशी असे संगीताचे दोन भेद सांगितले. निरनिराळ्या प्रदेशांत तेथील जनांच्या आवडीप्रमाणें जें गायिलें जातें तें देशी. एका देशींतून दुसऱ्या देशींत जाण्याची वाट त्यानें कोठें बंद केली नाहीं. दूर असणें हा दोष नव्हे. जवळ जाण्याची इच्छा नसणें हा दोष आहे.

तिसरें मत व्यवहारी माणसाचें आहे, आणि खरें सांगावयाचें तर बहुतेक आपण याच मताचे असतों: सुपारी दिली, तिकीट काढलें, टाळ्या वाजविल्या, हिशेब मिटला. या मताशीं वाद करणें कठिण आहे, कारण करार हीहि एक नीति आहे, आणि ठरलेली रक्कम पुरती न देणारे रसिक असतात हें पाहतां ती लहान नीति नव्हे. पण करार ज्याचा झाला तेवढेंच आपण घेतों काय, याचा विचार करण्यास नारायणगांवचेंच एक चरित्र पुरेसें आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांचा जन्म १९३५ सालचा. भाऊ-बापू मांग नारायणगांवकर हा त्यांच्या वडिलांचा व चुलत्यांचा फड. म्हणजे फडाच्या नांवांतच जात, आणि ती लपविण्याचें कारण त्यांनीं मानलें नाहीं. राष्ट्रपतींच्या हस्तें १९५७ आणि १९९० असा दोनदां विठाबाईंचा गौरव झाला. त्यांचा अखेरचा काळ हलाखींत गेला. २००२ च्या जानेवारींत त्या वारल्या. पुढें राज्य सरकारनें त्यांच्या नांवानें तमाशा कलावंतांसाठीं पुरस्कार सुरू केला. त्यांच्याविषयींची एक हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असतां त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या कनातीमागें गेल्या, प्रसूत झाल्या, दगडानें नाळ तोडली, लुगडें आंवळून बांधलें आणि पुनः बोर्डावर आल्या. खरा प्रकार ध्यानांत आल्यावर प्रेक्षकांनीं हात जोडून खेळ थांबविला, असें कित्येक सांगतात.

ही हकीकत आम्ही सगळे कलानिष्ठेचें उदाहरण म्हणून सांगतों. ती निष्ठा अलौकिक होती यांत संशय नाहीं. परंतु तीच गोष्ट मैदानांत बसलेल्या माणसाच्या बाजूनें एकदां सांगून पाहावी. सुपारीचा करार पूर्ण झाला होता. त्या रात्रीचें नृत्य मिळालें होतें. व्यवहारी मताप्रमाणें कोणाचेंहि कांहीं चुकलें नव्हतें. मग प्रेक्षकांनीं हात कां जोडले? कनातीमागें काय घडलें हें त्यांना कळलें म्हणून. कळण्यापूर्वीं जी शिट्टी सहज वाजत होती, ती कळल्यानंतर वाजवितां येईना. पैसे तेवढेच, नाच तोच, रात्र तीच; एका जाणिवेनें मात्र प्रेक्षकाचा माणूस झाला. त्याच वेळीं हेंहि दिसतें कीं, जोंवर कळलें नव्हतें तोंवर एका बाईस तशा स्थितींत बोर्डावर उभें राहावें लागलें. आणि तिच्या पोटास, फडाच्या पोटास तसें करणें भाग कां होतें, हा प्रश्न ती हकीकत मोठ्या अभिमानानें सांगणारे आम्ही क्वचितच विचारतों. कौतुक हेंहि कधींकधीं डोळे मिटून घेण्याचें साधन होतें.

यावरून देण्याचें स्वरूप थोडें स्पष्ट होतें. श्रोता गाणाऱ्याचें जें देणें लागतो तें प्रथम जाणण्याचें देणें आहे: हा कोण, कोठला, हें गाणें त्याला काय किंमतीस पडलें. हें जाणून घेतल्यावांचून घेतलेला आनंद चोरीचा म्हणतां येणार नाहीं. पण तो उधारीचा आहे.

येथें पुढचा आणि अधिक अवघड भाग येतो. मालीचा विख्यात गायक सालिफ केता याचा जन्म १९४९ सालचा. तेथें गाण्याचा धंदा पिढीजात गायकांच्या कुळांकडे, आणि केता हें तर जुन्या राजवंशाचें कुळ. राजकुळांतल्या मुलानें गाणें म्हणजे पायरी सोडणें; म्हणून घरच्यांचा विरोध पत्करून त्याला गायक व्हावें लागलें. हें वाचतांना मराठी वाचकास पठ्ठे बापूरावांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी १८६६ सालीं ब्राह्मणाच्या घरीं जन्मले, तमाशांत शिरले, महार समाजांतील पवळेच्या जोडीनें त्यांनीं फड गाजविला, स्वजनांचा बहिष्कार सोसला, आणि १९४५ सालीं पुण्यांत विपन्नावस्थेंत वारले. दोन खंडें, दोन धर्म; पण समाजाची युक्ति एकच. गाणें हवें, म्हणून गाणाऱ्यांचीं कुळें राखून ठेवावयाचीं. आणि गाण्याची बरोबरी नको, म्हणून त्या कुळांस खालीं बसवावयाचें.

आतां आमच्यासारख्यांची स्थिति पाहावी. न्यूयॉर्कच्या हिरवळीवर मालीच्या गायकास आम्ही उभें राहून मान देतों. त्याच्या देशांत त्याची जात कोणती, याची आम्हांस चौकशी नसते. तेथून परत आल्यावर, आपल्या गांवच्या यात्रेंत तमाशाचा तंबू लागला कीं, आम्ही खिडक्या लावून घेतों. दूरच्यास मान देणें इतकें सोपें आणि जवळच्यास देणें इतकें कठिण कां व्हावें? कारण दूरचा मनुष्य मान घेऊन जातो. तो उद्यां आमच्या आडावर येणार नाहीं, आमच्या शाळेंत त्याचें पोर आमच्या पोराशेजारीं बसणार नाहीं, त्याची मुलगी आमच्या घरांत सून म्हणून येण्याचा प्रश्न उद्भवणार नाहीं. जवळच्यास दिलेला मान मैदानावर संपत नाहीं. तो दुसऱ्या दिवशीं घरापर्यंत येतो. विश्वाविषयींचें प्रेम स्वस्त आणि शेजाऱ्याविषयींचें प्रेम महाग, हा अनुभव केवळ संगीतांतला नव्हे.

यावर कित्येक वाचक म्हणतील कीं, आम्ही जातीमुळें नव्हे, अश्लीलतेमुळें दूर राहतों. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाहीं. तमाशांत हीन अभिरुचीचें पुष्कळ कांहीं असतें, आणि वग आवरता घेऊन सिनेमाचीं गाणीं वाढविण्याची रीतहि पडली आहे. परंतु फड हा मागणीवर जगतो. अमुक म्हणा, अमुक नाचा, हें सांगणारा मैदानांतून सांगतो. आणि ज्यांनीं दुसरें कांहीं मागितलें असतें ते घरीं खिडक्या लावून बसलेले असतात. गण, गौळण, बतावणी, वग हा सारा डोलारा ऐकणाऱ्याच्या जाणकारीवर उभा होता. जाणकार उठून गेला आणि मग मागें काय उरलें म्हणून नाक मुरडूं लागला, तर त्या ऱ्हासांत त्याचाहि वाटा आहे.

मात्र जाणण्याच्या नांवाखालीं कलावंतास आपल्या कल्पनेच्या चौकटींत कोंबणें, हा दुसरा अन्याय होईल. मालीचे अली फर्का तुरे यांना पश्चिमेच्या रसिकांनीं वाळवंटाचा गूढ आवाज मानलें. ते स्वतःस शेतकरी म्हणवीत, मिळालेला पैसा नियाफुंके या आपल्या गांवच्या शेतीपाण्यांत घालीत, आणि २००४ सालीं तेथील नगराध्यक्षहि झाले. आमच्याकडेहि ‘अस्सल’ तमाशा पाहण्यास आलेला शहरी मनुष्य ढोलकीजवळ ध्वनिवर्धक दिसला कीं हिरमुसतो. गाणाऱ्यानें आपल्या हौसेसाठीं गरीब आणि जुनाट राहावें, असा करार कोणत्याहि सुपारींत नसतो.

२०२० सालीं या सर्व नात्याची कसोटी लागली. देशांत टाळेबंदी लागू झाली तो २५ मार्चचा दिवस नेमका गुढीपाडव्याचा होता. म्हणजे ज्या दिवसांत नारायणगांवच्या राहुट्यांत वर्षाची कमाई ठरावयाची, त्याच दिवसांत यात्रा बंद झाल्या. पुढच्या वर्षीं चैत्रांत पुनः तेंच झालें. इंग्लंडचा वोमॅड उत्सवहि २०२० च्या उन्हाळ्यांत भरला नाहीं. व्यवहारी मताप्रमाणें खेळ नाहीं तर देणें नाहीं; येथें प्रश्नच संपतो. तरीहि त्या दोन उन्हाळ्यांत फडांस धान्य आणि पैसा पोंचविणारी माणसें निघालीं. तीं दया करीत होतीं असें म्हणणें आम्हांस अपुरें वाटतें. आधीं ऐकलेल्या अनेक रात्रींचें उरलेलें देणें तीं फेडीत होतीं. आणि ज्यांच्या मनांत त्या दिवसांत तो विचार आलाच नाहीं, त्यांनीं त्या रात्रीं नाच पाहिला असेल, गाणें ऐकलें असेल. कलावंत मात्र पाहिला नसावा.

मैदानाला भिंती नसतात, यांत आम्हांस या प्रश्नाचें अर्धें उत्तर दिसतें. बंद सभागृहांत आपण शेजारी निवडून घेतों. तिकिटाची किंमत आपल्यासाठीं ती निवड करते. यात्रेच्या मैदानांत डोंगरावरून उतरलेला ठाकर, मंचरचा व्यापारी, शाळेचे गुरुजी आणि ऊसतोडीहून परतलेला मजूर एकाच जमिनीवर बसतात. बोर्डावरच्यास लोक म्हणून दूर ठेवावयाचें असेल, तर शेजारच्यासहि तसेंच ठेवावें लागतें. आणि शेवटीं आपण एकटे उरतों. उलट, त्या शब्दाचा पहिला अर्थ खरा धरावयाचा असेल, तर लोकांत आपणहि येतों, आणि बोर्डावरची बाईहि येते.

या टापूंत रात्रीच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशीं सकाळीं फड गांवापुढें ‘हजेरी’ देतो. अंगांत रात्रीचा शीण असतो, ऊन चढत असतें, तरी पुढच्या गांवाकडे निघण्यापूर्वीं तो पुनः उभा राहतो, अशी ती रीत आहे. फडाची हजेरी ठरलेली आहे आणि तो ती चुकवीत नाहीं. ऐकणाऱ्याची हजेरी मात्र कोणत्याहि करारांत लिहिलेली नाहीं. म्हणूनच ती द्यावयाची कीं नाहीं, हा नीतीचा प्रश्न आहे.